सगळेच इतके देखणे?

हिरो पंधरा वर्षांचा आहे म्हणे, आणि क्लोजअपमध्ये गालावर दाढीची हिरवट सावली सरळ दिसतेय. तरी तो शाळकरी पोरांचा पिक्चर बघत बसले काल, रात्री दीडपर्यंत. गोष्ट नेहमीचीच, नवी शाळा, आईबापांची भांडणं, तीन मित्र, एक मुलगी, सुट्टी संपता संपता सगळे थोडे थोडे मोठे होतात. त्यात सांगण्यासारखं फार नाही. डोक्यात राहिले ते चेहरे. एकाच्याही नाकावर पिंपल नाही, केस पावसातसुद्धा सेट केल्यासारखे, आणि ही पोरं म्हणे वर्गात कोणाला आवडत नाहीत!

मोठ्या वयाचे नट का घेतात ते माहितीये. अठराच्या आतल्या मुलांना सेटवर किती तास ठेवायचं यावर बऱ्याच ठिकाणी कायद्याची बंधनं असतात, अभ्यासाची सोय करावी लागते, आणि शूटिंग लांबलं तर मधल्या काळात पोरगा उंच होऊन बसतो, आवाज फुटतो, मग आधीचे सीन जुळणार कसे. हे आजचं नाहीच. 1978 च्या 'ग्रीस' या हॉलिवूड पिक्चरमध्ये शाळकरी रिझो झालेली स्टॉकर्ड चॅनिंग शूटिंगच्या वेळी 33 ची होती. उलट 'बॉयहूड' पिक्चरच्या दिग्दर्शकाने, लिंकलेटरने, एकाच मुलाला 2002 पासून 2013 पर्यंत थोडं थोडं शूट केलं, त्यामुळे त्यात मधेच एक असा टप्पा येतो की त्या मुलाला स्वतःच्याच अंगात कुठे उभं राहावं कळत नाहीये, खांदे एकीकडे मान एकीकडे. ते अभिनयाने होत नाही, निदान पंचविशीतल्या जिमवाल्या मुलाकडून तर नाहीच.

पण मग रात्री लाइट बंद करून पडल्यावर वाटलं, देखणेपणा सगळाच खोटा आहे असंही नाही ना. त्या वयात जी व्यक्ती आवडते ती तशीच दिसते, अगदी तशीच, उन्हात केस चमकणारी, स्लो मोशनमध्ये जिना उतरणारी. दोन बाक सोडून बसणाऱ्या मुलाची मान मी आठवी-नववीत इतकी बघितलीये की आजही काढून दाखवेन. आता फोटोत बघितलं तर साधा मुलगा, कान जरा मोठेच. म्हणजे पिक्चरमधली ती मुलगी सुंदर असणं मला चालतं, कारण ती हिरोच्या नजरेतून दिसतेय. खटकतं ते हिरो स्वतः सुंदर असणं. कारण त्या वयात अख्खं जग देखणं असतं आणि आपण तेवढे नसतो, आरशासमोर उभं राहून नाक दाबून बघणं, फोटोत मागे लपणं, हसताना तोंडावर हात. आणि हा बाबा आरशासमोर उभा राहून रडतो तेव्हा मी मनात म्हणतेय, अरे तू रडतोयस कशाला, किती छान दिसतोयस!! तिथेच तो सीन गेला माझ्यासाठी.

त्यातल्या त्यात एक जण खरा वाटला. तिसरा मित्र, जाडसर, चष्मा, त्याला दिग्दर्शकाने फक्त विनोदाला ठेवलाय. पण पार्टीच्या सीनमध्ये सगळे नाचायला जातात आणि हा सगळ्यांची जॅकेटं सांभाळत बसतो, हिरोचं जॅकेट हळूच अंगात घालून बघतो, बटण लागत नाही, मग पटकन काढून घडी करतो. पाच-सात सेकंद असतील जेमतेम, डायलॉग नाही काही. नंतर त्याच्यावर कॅमेरा परत फिरकतसुद्धा नाही, हिरो-हिरॉइन पुलावर भेटतात, गाणं लागतं वगैरे. मला तर या जॅकेटवाल्याचाच पिक्चर बघायचा होता, तो घरी कसा गेला, त्याला त्या मुलीबद्दल काय वाटत होतं, का मुलगी नाहीच, हिरोच आवडत होता, काहीच कळत नाही. शेवटी नावं यायला लागली तेव्हा त्याचं नाव शोधत होते तर ॲपने लगेच पुढचा पिक्चर लावला, तोही शाळेचाच, पोस्टरवर परत सगळे पंचविशीतले.