भजन स्पर्धेआधीचा महिना

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी लागली की गावच्या पारावर खंजेरी भजन स्पर्धेचं पत्रक चिकटायचं. आश्विन वद्य पंचमी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. १९६८ साली महाराज गेले, पण त्यांची खंजेरी, म्हणजे कडेला झांजा असलेलं कातड्याचं हातवाद्य, विदर्भातल्या खेड्यांनी खाली ठेवली नाही. त्या तिथीच्या मागेपुढे मंडळांच्या स्पर्धा भरायच्या, पुरुष गट, महिला गट आणि बालगट. बालगटात शाळेचं पथक उतरायचं. स्पर्धा एका रात्रीची, तयारी मात्र महिनाभराची, आणि जीव जास्त रमायचा तो त्या तयारीतच.

जुनी भजनी मंडळी एक गोष्ट ठासून सांगत, लेकरांच्या हाती वाद्य लगेच देऊ नका. पहिला आठवडा नुसते शब्द आणि हातावर टाळी. कारण परीक्षकांच्या कागदावर स्वर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण असे रकाने असत आणि बालगट गुण गमावायचा तो बहुधा शब्दोच्चारात. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं. घरी ते गोडच लागतं, पण भजनाची ओळ रचली तशीच यायला हवी. म्हणून वहीतल्या प्रत्येक ‘ळ’ आणि ‘ण’खाली लाल रेघ मारायची आणि ती ओळ आधी नुसती बोलून घ्यायची.

मग पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला ‘सा’ धरून गायचं तो सूर. मोठी मंडळी गातात त्या ‘काळी एक’ पट्टीत लेकरांना बसवलं की धृपद पुटपुटल्यासारखं येतं. पाचवी-सहावीच्या पोरांना पांढरी चार ते काळी चारच्या दरम्यान सोयीचं पडतं. पट्टी ठरवायची ती अंतऱ्यावरून. चालीतला सगळ्यात उंच स्वर तिघाचौघांकडून गाऊन घ्यायचा, मानेच्या शिरा ताणल्या की पट्टी एक घर खाली आणायची. आवाज फुटत असलेल्या आठवी-नववीच्या पोरांवर ओढाताण करू नये, त्यांच्या हाती टाळ द्यावा. मात्र दहा जणांच्या पथकाला टाळाच्या दोनच जोड्या पुरतात. चार झाल्या की परीक्षकाला टाळाशिवाय काही ऐकू येत नाही.

खरी परीक्षा लयीची. ठेका आठ मात्रांचा, साधाच. पण अंतरा संपवून धृपदावर परतताना सगळी पोरं एकदम श्वास घेतात आणि शेवटची मात्रा गिळतात. दर अंतऱ्याला अर्धी-पाऊण मात्रा अशी गेली की चौथ्या अंतऱ्याला भजन धावत सुटतं आणि तबलेवाला मागून फरफटतो. यावर उपाय एकच. श्वासाची जागा वहीत फुलीने ठरवून द्यायची, निम्म्या पोरांनी ओळीच्या मध्ये श्वास घ्यायचा, उरलेल्यांनी शेवटी. शिवाय ‘खाली’, म्हणजे ठेक्यातली टाळी नसलेली जागा, हाताने दाखवत गायची सवय लावायची. हे जमायला पंधरा दिवस लागतात, आणि ते द्यावेतच.

खंजेरीचं कातडं हवेवर चालतं. दुपारी व्हरांड्यात टणटणीत वाजणारी खंजेरी रात्री दव पडलं की भदभद करते. मग ती निखाऱ्यावर शेकायची, पण वीतभर अंतर राखून आणि सारखी फिरवत. एकाच जागी धरली तर कातडं कडेला, चिकटवलेल्या ठिकाणी सुटतं किंवा तडकतं. शेकलेला ताण दवात फार वेळ टिकत नाही, त्यामुळे खंजेऱ्या दोन लागतात. एक शेकून कापडात गुंडाळलेली, ती थेट मंचावर न्यायची. फायबरच्या पानाची, म्हणजे कातड्याऐवजी फायबर ताणलेली खंजेरी दवाला दाद देत नाही हे खरं, पण डाव्या हाताच्या बोटांनी पान दाबून जो घुमारा काढायचा, तो कातड्यावरच जास्त भरदार निघतो. लेकराला मात्र हलकी, लहान खंजेरी द्यावी. जड असली तर दुसऱ्या अंतऱ्यालाच मनगट उतरतं आणि झांजा मात्रेच्या मागे पडतात.

मंडपात माइक मोजके असत. मुख्य गायकाला एक, पेटी-तबल्याला एक आणि कोरसला एक. खंजेरीवाल्याला माइकपासून दोन-तीन हात लांब बसवायचं, नाहीतर झांजांच्या आवाजात शब्द बुडतात. पेटी मंचावर नेण्याआधीच तबला तिच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला लावून घ्यायचा, कारण मंचावर चढल्यापासून वेळ मोजायला लागत आणि हातोडीच्या ठोक्यांतच मिनिटं जात.

बालगट आधी उरकायचा, पण निकाल सगळ्या गटांचा एकदम, पहाटेकडे. तोवर लेकरं आलू-वांग्याची भाजी आणि पोळ्या खाऊन सतरंजीवर पेंगलेली असायची. निकालाआधी परीक्षक दोन शब्द बोलत. कोणत्या पथकाची लय कुठे सुटली, कुणाचा ‘ळ’ कच्चा राहिला, हे ते नेमकं सांगत. सोबत आलेले गुरुजी ते सगळं भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत, पुढच्या वर्षीची पहिली तालीम त्याच पानापासून लावायला.