माथ्याच्या अलीकडून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टेकडी एवढीशी, माथा समोर दिसतोय, माझी दोन्ही कुत्री, चिंगी आणि बंड्या, उड्या मारत पुढे निघालीयत, आणि उन्हाळ्यात मी दरवेळी अर्ध्या चढावरच्या झाडाखालूनच मागे का वळते? वर हेही असतंच, "दमली की बसतील की आपोआप!"

नाही बसत. आपलं माणूस चालतंय तोवर दमलेलं कुत्रंही चालत राहतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो फक्त पंजांना. धापा टाकताना जिभेवरची, तोंडातली ओल उडते, तेव्हा कुठे अंग निवतं. हवाच दमट असली की ती ओल नीट उडत नाही. एरवी ३८ ते ३९ अंशांवर असणारं अंग ४१ च्या पुढे गेलं, की उष्माघात, जिवावर बेततं.

त्या सकाळी ऊन नव्हतंच. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. खडकाला हाताची मागची बाजू लावून पाहिली होती, गार होता. पाणी बरोबर होतं. चिंगी नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे. माथ्याच्या जरा खाली तिची धाप बदलली, घशातून खरखर यायला लागली. जीभ टोकाशी रुंद झालेली, लाळ चिकट, हिरड्या लालभडक. मग मागचे पाय लटपटले आणि ती आडवी झाली. बंड्या तिच्याभोवती भुंकत फिरत होता. होतं नव्हतं ते पाणी मी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं. अनोळखी माणसांनी आपापल्या बाटल्या रिकाम्या केल्या, एकजण टोपीने वारा घालत राहिला. कुणीतरी तिच्या अंगावर ओला टॉवेल पांघरला, तो मी ओढून फेकला. पांघरलेला टॉवेल लगेच तापतो आणि उष्णता आत कोंडतो. ते गृहस्थ दुखावले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. धाप जरा उतरल्यावर तिला उचलून खाली आणलं, थेट डॉक्टरांकडे. वाचली. पण मूत्रपिंडांना झालेली इजा उशिरा कळते, म्हणून नंतरही रक्त तपासत राहावं लागलं.

आधीची मी अजून वाद घालते. वेळ पाळलीस, पाणी नेलंस, खडक पाहिलास, मग माथ्याने काय घोडं मारलंय? काही नाही. पण धाप बदलते तिथून खाली यायलाही वाट तेवढीच लागते, आणि चिंगीला आता उचलून आणावं लागू नये इतकंच अंतर मी चढते.

"मग नेताच कशाला?" याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. बंड्याला घरात कोंडलं की तो पंजे चावत बसतो, हे खरं. त्या झाडाखाली दोघांना बाजूला घेऊन बसणं मलाही हवं असतं, हेही तितकंच खरं. एकदा उष्माघात झालेल्या कुत्र्याला तो पुन्हा होण्याची भीती जास्त. डॉक्टर म्हणतात, सावकाश न्या, हरकत नाही. मला ते एक दिवस पटतं, दुसऱ्या दिवशी पटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात चिंगी येणार का, तेही ठरलेलं नाही.