सेगफॉल्ट मुद्दाम पाडायचा अन् बघायचं मेमरीला कोण हात लावतंय

प्रोग्राममधल्या एखाद्या डेटाला कोण हात लावतंय ते पकडायला मी त्याची मेमरी बंद करून मुद्दाम सेगफॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्यावर येणारी एरर, पाडतो. परवा धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता मित्राने विचारलं, "काहून बे एवढा खटाटोप, जीडीबी डीबगरात मेमरीवर पहारा ठेवणारा वॉचपॉइंट आहे ना?" हाव, आहे ना, पण एक्स८६ प्रोसेसरात पहाऱ्याचे पत्ते ठेवायचे डीबग रजिस्टर फक्त 4, अन् एकेकाचा पहारा जास्तीत जास्त 8 बाइटवर, आता अख्खा अ‍ॅरे कोण वाचतंय ते त्यात कसं पकडणार?

म्हणून लिनक्सवर हा जुगाड. अ‍ॅरे एममॅप या सिस्टिम कॉलने वेगळ्या पेजवर, म्हणजे मेमरीच्या ठराविक तुकड्यावर, घ्यायचा (साध्या मॅलॉकने घेतला तर त्याच 4096 बाइटच्या पेजवर शेजारचे पाहुणेही असतात, तेही फुकट अडकतात), मग एमप्रोटेक्टने (पेजची परवानगी बदलणारा कॉल) पेज पूर्ण बंद करायचं. आता कोणी हात लावला की सेगफॉल्टचा सिग्नल येतो, आपण सिगअ‍ॅक्शनने आधीच हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं आपलं फंक्शन, लावून ठेवलेला असतो, त्याला नेमका पत्ता मिळतो, अन् वाचलं की लिहिलं ते सेव्ह झालेल्या रजिस्टरांतल्या एरर कोडमध्ये असतं, 2 किमतीचा बिट लागलेला असला तर लिहिलं, नाही तर वाचलं.

इथवर सोपं आहे. खरी गंमत दुसऱ्यांदा पकडण्यात, कारण पेज उघडल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही अन् उघडलं की पुढचं काहीच दिसत नाही. मग हँडलरमध्ये पेज उघडायचं, सेव्ह झालेल्या फ्लॅग्समध्ये ट्रॅप फ्लॅग, म्हणजे 0x100, लावायचा अन् परत जायचं, ती अडलेली एकच इन्स्ट्रक्शन चालते अन् लगेच ट्रॅपचा सिग्नल येतो, त्याच्या हँडलरात फ्लॅग काढून पेज पुन्हा बंद. म्हणजे दर वेळी दोन सिग्नल अन् दोन एमप्रोटेक्ट, त्यामुळे प्रोग्राम बैलगाडीसारखा चालतो.

हँडलरात प्रिंटएफ टाकू नका, तो तिथे सुरक्षित नाही, राइट वापरा. तसा एमप्रोटेक्टही पोझिक्स मानकाच्या सुरक्षित यादीत (हँडलरात बिनधोक बोलावता येणारी फंक्शनं) नाही, पण लिनक्सवर चालून जातो.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते, बंद पेजवर रीड कॉलने फाइल वाचायला गेलात तर सिग्नल येतच नाही, कर्नल गुपचूप ईफॉल्ट (पत्ता चुकीचा) एरर परत करतो, अन् आपण बसतो हँडलरची वाट बघत.

अन् थ्रेडवाल्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं समांतर चालवणाऱ्या, प्रोग्रामला तर हे लावूच नका, पेज उघडं असताना दुसरा थ्रेड येऊन लिहून जातो अन् पत्ताच लागत नाही. जुन्या, एकाच थ्रेडच्या सी कोडला बिनधास्त लावा.