अंगावर तुटका पांढरा पट्टा असलेली कालवड सापडली!

सापडली, आणि ती सारखी का हरवत होती तेही कळलं.

इंग्लंडातल्या सरे परगण्यातला चॉबम कॉमन हा मोकळा माळ, तिथे आम्ही पाळीने गुरं मोजतो. या आठवड्यात गणती एकाने कमी भरायची आणि उशिरा जुळायची. इंग्लंडात नियमाने मोकळ्यावरची गुरंही त्रास टळेल इतक्या वेळा पाहावीच लागतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही. गुरांच्या गळ्यात जीपीएसचा गळपट्टा असतो, त्याच्या ॲपवर तिचा ठिपका ओढ्यापलीकडे हेदरच्या झुडपांत होता. तिथलं शेण वाळून वर पापुद्रा धरलेला, म्हणजे ठिपकाच शिळा. गळपट्टा मोबाइल नेटवर्कवर चालतो. रेंज गेली की शेवटची जागाच दिसत राहते. गळपट्टा मला मनापासून आवडतो: ॲपवर आखलेली हद्द ओलांडू लागलं की आधी चढता सूर, न ऐकल्यास झटका, आणि गुरं लवकरच नुसत्या सुरावर वळायला शिकतात. एवढ्या मोकळ्या माळावर तारा ओढत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. पण शिळा आणि ताजा ठिपका एकाच रंगात दाखवणं मला अजिबात पटत नाही.

मग ठिपका सोडला आणि माग धरला. मोलिनिया गवताचे शेंडे ताजे ओरबाडलेले दिसत होते, ते थेट खालच्या बर्चच्या झाडीपर्यंत. बाई तिथेच उभ्या, रवंथ करत. नोंदवहीत आधीच्या पाळ्यांनी ‘झाडीत, रवंथ करतेय, ठीक’ असं लिहिलंय, आणि वाटेवरून दिसतंही तसंच. बेल्टेड गॅलोवे म्हणजे आपल्या अकोले-इगतपुरीकडच्या डांगीसारखी पावसाला न डरणारी जात, अंगावर केसांचा दुहेरी थर. उन्हात ती सावलीला गेली तर कुणाला वावगं वाटत नाही.

वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. डावा डोळा अर्धा मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ, ओल्या केसांवर माश्या, आणि बुबुळाच्या मधोमध पांढुरकं फूल. न्यू फॉरेस्ट आय! मोराक्सेला जिवाणूचा हा आजार माश्या पसरवतात, आणि त्यात उजेड सोसवत नाही. म्हणून ती सावली धरत होती. सावली सखल भागात, आणि तिथेच रेंज नाही. सगळं कोडं एका डोळ्यात होतं.

लगेच फोन केला. दुपारी तिला गोठ्यावर हलवलं, डॉक्टरांनी मलम घातलं. फूल अजून लहान आहे, डोळा वाचेल म्हणाले. काय बरं वाटलं सांगू! हा आजार लागट, म्हणून बाकीच्या कळपाचे दोन्ही डोळे दुर्बिणीतून पाहिले, सगळे स्वच्छ. आठपटीची साधी दुर्बीणच घ्या. दहापटीची हातात थरथरते, आणि डोळ्यातला ओघळ टिपायचा तर चित्र स्थिर हवं.

आता नोंदवहीत ‘डोळा डावा’, ‘डोळा उजवा’ असे वेगळे रकाने मागणार आहे. ॲपवाल्यांना रंग बदलायला सांगणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं की शिळे ठिपकेही कामाचे आहेत: ते जिथे जिथे अडकतात, तिथून पुढे रेंज नाही. ते कागदी नकाशावर उतरवले की गणती कमी भरेल तेव्हा आधी कुठली झाडी पाहायची ते कळेल. फक्त नाइटजार पक्षी (आपला रातवा) जमिनीवर अंडी घालतो, तेव्हा ऑगस्ट सरेपर्यंत हेदर तुडवत आडवं जायचं नाही, पायवाटेनेच. या रविवारी ओढ्याकाठापासून सुरुवात करते. वरचा पाइनकडचा भाग कुणी घेता का?