हिवाळी टायर कधी बदलावेत?

जर्मनीत गाडीच्या टायरवरील खाचा किमान 1.6 मिलीमीटर खोल असाव्यात असा कायदा आहे आणि हिवाळी टायरलाही तोच आकडा लागू होतो. म्यूनिक परिसरातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण याच आकड्याच्या भरवशावर ‘अजून एक हिवाळा सहज निघेल’ असे ठरवून टाकतात. माझ्या मते हिवाळी टायरच्या बाबतीत हा आकडा विसरलेलाच बरा. ‘आडाक’ ही इथली वाहनचालकांची मोठी संघटना 4 मिलीमीटरला टायर बदलण्याचा सल्ला देते, आणि तो मला अजिबात अतिसावध वाटत नाही.

नव्या हिवाळी टायरच्या खाचा साधारण 8 मिलीमीटर खोल असतात. त्यांत बर्फ दाबून भरला जातो आणि रस्त्यावरच्या बर्फाला तोच धरून ठेवतो, तर रबराच्या ठोकळ्यांवरील असंख्य बारीक चिरा आपल्या कडांनी निसरड्या पृष्ठभागावर पकड घेतात. टायर झिजत जातो तसतशा या चिरा उथळ होतात, अर्धवट वितळलेला बर्फ आणि पाणी बाहेर फेकायला खाचांत जागा उरत नाही, आणि दिसायला ‘गोटा’ होण्याच्या कितीतरी आधीच त्याचे हिवाळीपण संपलेले असते.

ऑस्ट्रियाने हे कायद्यातच मान्य केले आहे. तिथे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि खाचा 4 मिलीमीटरहून उथळ असतील तर तो टायर हिवाळी मानलाच जात नाही. म्हणजे म्यूनिकमध्ये कायदेशीर असलेला टायर साल्झबुर्गला पोहोचेपर्यंत बेकायदा ठरू शकतो!

मोजण्यासाठी 2 युरोचे नाणे पुरते. ते मुख्य खाचेत उभे धरावे; बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली नाही, तर खोली 4 मिलीमीटरपेक्षा कमी आहे. मात्र एकाच जागी मोजून थांबू नये. फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जात असावी, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड झिजली असेल तर नवे टायर घालण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा व कोन, तपासून घ्यावे.

खाचा शाबूत असल्या तरी वय पाहावेच लागते, कारण थंडीत मऊ राहणारे हे रबर वर्षागणिक कडक होत जाते. टायरच्या बाजूवरील ‘डीओटी’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. आठ वर्षांनंतर मी तरी असा टायर ठेवणार नाही. त्यासोबत तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्हही पाहावे. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून नुसते ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) हे जुने चिन्ह चालत नाही.

ही सगळी तपासणी ईस्टरनंतर टायर उतरवतानाच करावी, कारण ऑक्टोबरात प्रत्येक गॅरेजसमोर रांग असते. त्या वेळी खोली जेमतेम साडेचार मिलीमीटर भरली, तर पुढचा हिवाळा त्यावर काढता येईल असे समजू नये. दोनच टायर बदलायचे असतील तर ते एकाच अक्षावरचे असावेत, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी अधिक खोल खाचांची जोडी मागे लावावी, कारण मागची चाके घसरली की गाडी गर्रकन फिरते आणि मग ती सावरणे फार थोड्यांना जमते.