पंधरा मिनिटं बोलून दारू सुटते का?

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकमधे नर्स आहे, आणि पुण्याला फोन केला की मावशी, वहिनी, शाळेतल्या मैत्रिणी, कोणी ना कोणी विचारतंच, की अगं तुमच्याकडे म्हणे डॉक्टर बायकांना पंधरा मिनिटं दारूबद्दल समजावतात, पुढे होणाऱ्या बाळाला त्रास नको म्हणून, पण तेवढ्याने कोणाची दारू सुटते का? इथे तर लोक व्यसनमुक्ती केंद्रात राहून येतात आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

तर सुटत नाही. म्हणजे सोडवायला आम्ही बसलेलोच नसतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी व्यसनी नसतातच. नोकरी करतात, पोरांना शाळेत सोडतात, पण इथे शुक्रवारी फिश फ्राय म्हटलं की सोबत ब्रँडी ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल आलंच, रविवारी पॅकर्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमची, मॅच असली की दुपारपासून बिअर, आणि अधूनमधून संध्याकाळी स्वयंपाक करताना वाईन. विचारलं तर म्हणणार "कधीतरी घेते". आठवड्याची बेरीज केली की बारा-चौदा ड्रिंक्स निघतात आणि ती स्वतःच चमकते.

आता यातली एखादी गरोदर राहिली तर तिला कळायलाच पाच-सहा आठवडे जातात, आणि बाळाच्या चेहऱ्याची, मेंदूची, हृदयाची घडण त्याच आठवड्यांत सुरू झालेली असते. अल्कोहोल नाळेतून थेट पलीकडे जातं, आईच्या रक्तात जेवढं तेवढंच जवळपास बाळाच्या, आणि त्याचं लिव्हर तर अजून तयारही नसतं. फ्रान्समधे पॉल लमवान यांनी 1968 साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांमधल्या व्यंगांबद्दल लिहिलं होतं, फारसं कोणी लक्ष दिलं नाही, मग 1973 मधे सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी गर्भात दारू पोचल्याने होणाऱ्या या आजाराला फीटल अल्कोहोल सिंड्रोम नाव दिलं तेव्हा जग जागं झालं. अमेरिकेत जवळपास निम्म्या प्रेग्नन्सी ठरवून झालेल्या नसतात, मग गरोदरपणाची तपासणी सुरू झाल्यावर सल्ला देऊन काय उपयोग, बोलायचं ते आधीच बोलायला हवं ना.

आणि हे नुसतं मनाचं समाधान नाही बरं का. आमच्याच विस्कॉन्सिनमधे मायकल फ्लेमिंग यांनी नव्वदीच्या दशकात ट्रीट नावाचा अभ्यास केला. साध्या क्लिनिकमधले साधे डॉक्टर, पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भेटी महिन्याच्या अंतराने, आणि प्रत्येक भेटीनंतर दोन आठवड्यांनी नर्सचा एक फोन, बास. त्यातल्या 18 ते 40 वयाच्या 205 बायकांवर चार वर्षं लक्ष ठेवलं, तर सल्ला मिळालेल्यांचं पिणं कमी झालं, एका वेळी खूप पिणंही कमी झालं, आणि सगळ्यात जास्त घट नंतर ज्या गरोदर राहिल्या त्यांच्यात दिसली.

प्रत्यक्षात होतं काय ते सांगते. माझ्या ड्रॉवरमधे एक मोठा वाईनचा ग्लास आणि एक मापाचा कप असतो. मी म्हणते, घरी ओततेस तेवढं पाणी यात ओत. मग ते मापात ओतायचं. एक ड्रिंक म्हणजे वाईन साधारण 150 मिली, बिअर 355, व्हिस्की-ब्रँडी 44, आणि तिचं पाणी बहुतेकदा दोन ड्रिंक्सच्या आसपास जातं. "म्हणजे मी दोन समजत होते ते चार?" हो बाई, चार! यानंतर डॉक्टरला लेक्चर द्यावंच लागत नाही. तिला काय झेपेल ते तिनेच सांगायचं, डॉक्टर ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात, आठवड्याला इतके, एका वेळी इतकेच, आणि खाली दोघांची सही. दोन आठवड्यांनी मी फोन करते. शुक्रवारी जमलं नाही म्हणाली तर रागवायचं नाही, शुक्रवारी काय झालं तेवढं विचारायचं. माझ्या मते अर्धं काम तो फोन करतो, कोणीतरी विचारणार आहे हे डोक्यात राहतं.

दुसरी गोष्ट वहिनीला पटतच नाही. प्यायची कमी करायची नसेल तर गर्भनिरोधक नीट वापर, हाही सल्लाच आहे. चॉइसेस नावाच्या अभ्यासात, फ्लोरिडा, टेक्सस आणि व्हर्जिनियात, 830 बायकांना हे दोन्ही रस्ते दिले होते आणि फायदा दिसला. अर्थात हे सांगायची पण पद्धत असते. 2016 मधे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने जाहीर केलं की गर्भनिरोधक न वापरणाऱ्या बाईने दारू घेऊच नये, तेव्हा बायका भडकल्या, आणि मला विचाराल तर बरोबरच भडकल्या, जणू प्रत्येक बाई म्हणजे चालतंफिरतं गर्भाशय. क्लिनिकमधे बंद दाराआड तिचं ऐकून घेत तेच सांगितलं की ती ऐकते.

आपल्या मुलींना विचारता का, हा पुढचा प्रश्न असतोच. विचारतो, सगळ्यांना तोच फॉर्म. फक्त नवरा किंवा सासूबाई सोबत असतील तर आधी बाहेर बसवतो, कारण त्यांच्यासमोर आपली मुलगी "नाही हो, कधीच नाही" हेच म्हणणार.

आणि कोणी आधीच गरोदर आहे, नकळत चार पार्ट्या झाल्यात आणि रडत येते, तिला घाबरवत नाही. आज थांबलीस तरी फायदा आहे, मेंदू शेवटपर्यंत वाढत असतो, एवढं सांगतो. जिचे सकाळी हात थरथरतात तिचं मात्र वेगळं, तिला एकदम बंद कर म्हणणं धोक्याचं, फिट येऊ शकते. तिच्या बाबतीत ती पंधरा मिनिटं स्पेशालिस्टला तिच्यासमोरच फोन लावून अपॉइंटमेंट घेण्यात घालवायची.