तुम्ही विचारलंत म्हणून : मिलिटरीचे कपडे घालावे का?

फौजेतून निवृत्त होऊन आरमोरी तालुक्यातल्या गावी राहायला आलो, तेव्हापासून भरतीची तयारी करणारी पोरं आणि शेतकरीही मला एकच विचारतात : "काकाजी, मिलिटरीचा पँट घातला तं चालते का?"

आर्मी प्रिंटची जाड पँट आठवडी बाजारात मिळते, रोवणीच्या चिखलात टिकते, मळ दिसत नाही. धानाच्या बांधीत खुशाल घाला. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ हेतू बघतं. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून तसा पोशाख केला, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण बाहीवरच्या फित्या, युनिटचा बिल्ला, बेरेट, मेडलच्या रिबनी यांना हात लावू नका. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये, म्हणजे गार्ड्स रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, नवा रिक्रूट किती घाम गाळतो ते मी पाहिलंय. लान्स नाईक या हुद्द्याच्या एका फितीसाठी पुढे वर्षं जातात. तीच फीत कोणी विकत घेऊन मिरवताना दिसला की जीव तुटतो. वडील फौजी होते, आता नाहीत? मग त्यांचं मेडल स्मृतिदिनाला उजव्या छातीवर लावा. डावी बाजू ज्याने कमावलं त्याची.

सुट्टीवर आलेला जवान भाच्याला जुनी वर्दी देऊन जातो, प्रेमानेच देतो. त्यावरचे बिल्ले, फित्या आधी उसवून घ्या. २०२२ च्या सेना दिनाला आलेली नवी वर्दी मात्र देऊच नका. तिची नक्षी लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवली आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्लेखोर लष्करी पोशाखातच शिरले होते, हे विसरू नका.

आणि आपण गडचिरोलीत राहतो. इथल्या जंगलात पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान आर्मी प्रिंटसारख्याच नक्षीच्या वर्दीत फिरतात, नक्षलवादी गर्द हिरव्या वर्दीत फिरत आले. झुंजूमुंजू असताना मोहफुलं वेचायला गेलेला माणूस शंभर पावलांवरून कोण वाटेल? समोरच्याच्या हाती बंदूक असली तर त्याला विचार करायला क्षणभरच मिळतो. म्हणून तेंदूपत्त्याला, मोहाला जाताना आर्मी प्रिंट नको, गर्द हिरवंही नको. लाल, पिवळं, पांढरं काहीही घाला. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांनीही उजळ टी-शर्टच घालावा, म्हणजे ट्रकवाल्याला दिसाल.

१५ ऑगस्टला शाळेत लेकराला जवान सजवायचं असेल तर जरूर सजवा. सॅल्यूट शिकायला आदल्या दिवशी माझ्याकडे पाठवा.